हिकरीच्या पिटमधल्या आजोबांना

आदरणीय आजोबा,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र आमची लेक तुम्हाला वाचून दाखवेल. इंग्रजीत लिहायला बसले की माझ्या हातून ऑफिसची मेल उतरते, म्हणून मराठीतच लिहितेय. शिवाय हे आमच्या माणसांनीही वाचावं असं मला वाटतं. आमची लेक गाड्यांच्या शर्यतीत उतरते, त्यावर ज्यांनी 'पोरीला हे कसलं खूळ लावून दिलंत' असं तोंडावर विचारलं त्यांनी, आणि ज्यांनी समोर कौतुक करून पाठीमागे तेच म्हटलं त्यांनीही.

त्या शनिवारी हिकरीच्या ट्रॅकवर, पिटमध्ये (गाड्या दुरुस्त करायच्या जागेत) तुम्ही जे केलंत, ते तुमच्या लेखी काहीच नसेल. तुमच्या पत्नीही हसून म्हणाल्या, 'अहो, ते सगळ्यांशी असेच वागतात.' असतीलही. पण आमच्या घरात त्या दुपारनंतर काय बदललं, हे तुमच्यापर्यंत पोचायलाच हवं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, शार्लटच्या उत्तरेला राहतो. नोकरीनं इथे आणलं. पण या भागात राहायचं आणि स्टॉक कार रेसिंग, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या शर्यती, कानावर पडू द्यायचं नाही, हे अशक्य. या शर्यती भरवणाऱ्या नॅसकार या संस्थेतल्या बहुतेक मोठ्या टीमची गॅरेजेस इथल्या वीस-तीस मैलांच्या पट्ट्यात आहेत. मूर्सव्हिल हे गाव स्वतःला 'रेस सिटी' म्हणवतं. नॅसकारचा गाजलेला ड्रायव्हर डेल अर्नहार्ट शेजारच्या कन्नापोलिसचा. लेकीच्या वर्गात एकाचे वडील पिट क्रूमध्ये, म्हणजे शर्यत चालू असताना गाडी सांभाळणाऱ्या मंडळींत, टायर बदलतात, एकीची आई टीमच्या ऑफिसात हिशेब बघते. शार्लट मोटर स्पीडवेच्या मोठ्या ट्रॅकच्या पुढ्यात पाव मैलाचा छोटा ट्रॅक आहे आणि उन्हाळ्यात तिथे मुलांच्या शर्यती होतात. आठ वर्षांची पोरं बँडोलेरो नावाच्या चिमुकल्या गाडीत हेल्मेट घालून बसतात. मग लेजंड कार: फायबरग्लासची बॉडी, १९३०-४० च्या जुन्या गाड्यांची छोटी प्रतिकृती, आत यामाहाच्या मोटरसायकलचं इंजिन. आमची लेक या वाटेनंच पुढे गेली आणि आता पंधराव्या वर्षी लेट मॉडेल चालवते. ही मात्र अंगापिंडानं खरी स्टॉक कार. व्ही-एट इंजिन सुरू झालं की छातीत धडधडतं. माझ्या तर अजून धडधडतं.

तुमच्याआधी आम्ही ज्या टीमकडे गेलो, तिचं नाव घेत नाही. पैशांचा हिशेबही इथे मांडत नाही, तो आमचा आम्ही पाहून घेऊ. पण त्यांनी जे केलं ते विसरणं मला जमत नाही. पहिल्याच भेटीत म्हणाले, 'मुलगी, त्यातून इंडियन! स्पॉन्सर रांग लावतील.' तिचे फोटो काढले, पोस्टर छापलं, तिला नवा सूट घालून उभं केलं. ती गाडीतून उतरली की कॅमेरा तयार असायचा. गाडीबद्दल मात्र तिला कोणी काही विचारायचं नाही. विचारलंच तर तिच्या बाबाला. तो बिचारा सॉफ्टवेअरवाला, तो काय सांगणार? 'तिलाच विचारा' असं तो म्हणायचा, ते मान हलवायचे आणि लॅपटॉपकडे वळायचे.

ती मात्र सांगत होती. दर वेळी गाडीतून टीमशी बोलायच्या रेडिओवर सांगत होती की वळणातून बाहेर पडताना गाडी लूज होतेय. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: अंडाकृती ट्रॅकवर सगळी वळणं डावीकडेच. गाडीचं नाक पुरेसं वळलं नाही आणि ती बाहेरच्या भिंतीकडे ओढायला लागली की ती टाइट. मागची चाकं घसरून शेपूट बाहेर जायला लागली की लूज. लूज गाडी गिरकी घेते, आणि ती गिरकी भिंतीशी संपू शकते. माझी लेक हे सांगत होती आणि उत्तर येत होतं, 'गॅस हळू दे. घाबरू नकोस.' एकदा त्यांच्यातला एक जण माझ्यादेखत दुसऱ्याला म्हणाला की मुलींचा उजवा, गॅसवरचा पाय हलकाच असतो. माझ्या पोरीनं ते ऐकलं. त्यानंतर तिनं रेडिओवर बोलणंच थांबवलं. घरी जेवताना बोलणंही कमी झालं. पंधरा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या हातांना जे जाणवतंय तेच खोटं वाटायला लागलं, तर गाडी तिनं कशाच्या भरवशावर चालवायची?

त्यांच्याकडून निघालो आणि आमचे आम्हीच, उसनी अवजारं घेऊन हिकरीला आलो. ट्रॅक तसा लहान, अर्ध्या मैलाहूनही कमी, पण १९५१ पासून चालू आहे. राल्फ अर्नहार्ट, म्हणजे डेलचे वडील, इथलेच चॅम्पियन. तुमच्या नातवाची गाडी आमच्या शेजारच्या जागेत होती. सरावात लेकीची गाडी चौथ्या वळणावर पुन्हा डळमळली. ती पिटमध्ये परत आली, खिडकीची जाळी खाली टाकली आणि तशीच बसून राहिली. हात स्टिअरिंगवर, नजर समोर.

तुम्ही बादली उपडी घातलीत, तिच्या खिडकीशी बसलात आणि तुमचं तोंड तिच्या तोंडासमोर आणलंत. विचारलंत, 'काय करतेय गाडी?' तिनं सवयीनं बाबाकडे पाहिलं. तुम्ही मागे वळूनही पाहिलं नाहीत. म्हणालात, 'मी ड्रायव्हरला विचारतोय.'

मग तिनं सांगितलं. आधी अडखळत, मग नीट. बाहेर पडताना लूज. तुम्ही विचारलंत, 'वळणाच्या मधोमध स्टिअरिंग किती फिरवावं लागतं?' ती म्हणाली, 'खूप. तिथे ती वळतच नाही, मग मी आणखी फिरवते, मग एकदम मागचं सुटतं.' तुम्ही खिशातली वही काढलीत. तेल लागून कडा काळ्या झालेली. तारीख टाकलीत, गाडीचा नंबर टाकलात आणि ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहून घेतलंत. लिहिताना एकदा थांबून विचारलंत, 'एकदम म्हणालीस की हळूहळू?' 'एकदम, सर,' ती म्हणाली. तुम्ही 'एकदम' या शब्दाखाली रेघ मारलीत.

आजोबा, ती रेघ मी बाजूला उभी राहून पाहिली. मला रडू आलं आणि मी टायरच्या ढिगामागे गेले. इतके महिने ज्या पोरीचं म्हणणं कोणी ऐकून घेतलं नाही, तिच्या एका शब्दाखाली रेघ मारावी इतका तो तुम्हाला मोलाचा वाटला.

पुढचं तुम्ही दोन मिनिटांत उलगडलंत. गाडी मुळात लूज नव्हतीच, मधल्या टप्प्यात टाइट होती. नाक वळत नाही म्हणून ड्रायव्हर स्टिअरिंग जास्त फिरवतो, मग पुढच्या चाकांना एकदम पकड मिळते आणि शेपूट सुटतं. दुखणं मधे आणि कळ शेवटी. ती गॅस कितीही हळू देती, तरी ते बरं होणार नव्हतं. तिचा पाय हलका नव्हता, ऐकणाऱ्यांचे कान जड होते. तुम्ही मागच्या स्प्रिंगवरच्या बोल्टला पाना लावून थोडा वेज, म्हणजे त्या चाकावरचा भार, काढलात आणि तिला परत पाठवलंत. पाच-सहा फेऱ्यांनी ती आली तेव्हा जाळी पुरती खाली पडायच्या आतच बोलत होती. तुम्ही पुन्हा वही उघडलीत.

हे सगळं तुम्ही शेजारच्या गाडीसाठी केलंत, जी संध्याकाळी तुमच्याच नातवाशी लढणार होती. आणि ती खरंच लढली. नातू पुढे राहिला, लेक मधल्या गर्दीत कुठेतरी संपली, गाडी एकसंध होती. तरी घरी येताना पूर्ण वाटभर ती बोलत होती.

लेकीनं आता जॅनेट गथ्रीबद्दल शोधून शोधून वाचलंय. पेशानं एरोस्पेस इंजिनिअर असलेली ही बाई १९७६ मध्ये इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या प्रसिद्ध शर्यतीसाठी गेली, तेव्हा तिची गाडी पुरेशी वेगवान नव्हती आणि लोक म्हणत होते की खोट बाईतच आहे. तिथला नामांकित ड्रायव्हर ए. जे. फॉइटनं स्वतःची जादाची गाडी तिला सरावाला दिली. त्या गाडीत तिनं शर्यतीला पात्र ठरण्याइतका वेग काढून दाखवला. खोट कुठे होती ते सगळ्यांना दिसलं. त्याच महिन्याच्या शेवटी ती इथे शार्लटला ६०० मैलांच्या शर्यतीत उतरली आणि पंधरावी आली. पुढच्या वर्षी डेटोना ५०० या नॅसकारच्या मानाच्या शर्यतीत बारावी. आणि मुळात नॅसकारच्या या मुख्य मालिकेची पहिलीवहिली शर्यत १९ जून १९४९ ला शार्लटलाच झाली, तेव्हा त्यातही सारा ख्रिश्चन नावाची एक बाई होती. म्हणजे बायका इथे काल-परवा आलेल्या नाहीत. पुण्याहून माझ्या आईनं वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलं होतं: पुण्याच्या डायना पुंडोले यांनी २०२४ मध्ये सलून कारचं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं, भारतात असं करणाऱ्या त्या पहिल्या महिला. ते कात्रण लेकीनं टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलंय. तुम्ही ते पाहून 'ही कोण?' असं विचारलंत, आठवतं?

मला भीती वाटत नाही असं नाही. २००१ साली डेटोनाच्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट अपघातात गेला, हे या गावात लहान पोरालाही माहीत असतं. त्यानंतरच मानेला आधार देणारं उपकरण सक्तीचं झालं. तेच आज माझ्या मुलीच्या खांद्यांवर असतं. निघायच्या आधी तुम्ही न सांगता तिचा कमरेचा पट्टा तपासलात, तो पोटावर न येता खाली हाडावर बसायला हवा म्हणून मला दाखवलंत. त्या क्षणी मला दुसरं काहीही नको होतं.

चांगुलपणा म्हणजे मोठं दान, मोठा त्याग असं आपण धरून चालतो. मी रोज मीटिंगमध्ये बसते. काम माझं असतं आणि प्रश्न माझ्या शेजारच्याला विचारला जातो. दवाखान्यात दुखतंय म्हातारीला आणि डॉक्टर विचारतात मुलाला. जो करतोय, जो सोसतोय, त्याच्याकडे वळून विचारायला पैसे लागत नाहीत, तरी किती थोडी माणसं ते करतात! आणि तुमच्या या पिटमध्ये मात्र मी असंही पाहिलं की रात्री उशिरा एकाचा ॲक्सल तुटला, तर ज्याला त्याच्याशीच लढायचंय तो आपला जादाचा काढून देतो, पावती नाही, चिठ्ठी नाही. अशा माणसांत माझी मुलगी वाढतेय, याचा मला अभिमान वाटतो. मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलं, तर मी आता हेच सांगते.

तिनं स्वतःची वही केलीय. प्रत्येक सरावानंतर आधी ती लिहिते, मग बाबाला दाखवते. रेडिओवर पुन्हा बोलायला लागलीय. बाबाला कधी कधी 'जरा शांत बस' म्हणावं लागतं, पण तो म्हणत नाही.

आता एकच. तुम्ही आमच्याकडून एक डॉलरही घेतला नाहीत, आणि घेणारही नाही हे कळलंय. पण पुढच्या हंगामासाठी आम्ही नव्या टायरचा एक जादा सेट मागवला आहे. तो तुमच्या नातवाच्या गाडीचा. लेकीनं त्यावर खडूनं त्याचा नंबरही टाकून ठेवलाय. पहिल्या शर्यतीला घेऊन येतो. नाही म्हणू नका.

आपली कृतज्ञ,
शेजारच्या गाडीच्या ड्रायव्हरची आई