तोंडाचा वास आधी घ्या, मग औषध लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एसटीत मी 31 वर्षे वाहक होतो. शेवटची दोन-अडीच वर्षे मी सुट्टे मागायला वाकलो की प्रवासी तोंड खिडकीकडे फिरवायचे. आपल्या वासाला आपले नाक सरावलेले असते, त्यामुळे मला कळेना. घरातले कुणी बोलले नाही. बोलली ती चार वर्षांची नात: "आजोबा, तुमच्या तोंडाला मोरीचा वास येतो."

दाताच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दात साफ करून दिले आणि गुळण्या करायला क्लोरहेक्सिडिन लिहून दिले. किती दिवस, ते सांगितले नाही. मी चार महिने गुळण्या केल्या. दातांवर तपकिरी डाग पडले, आमटीची चव कळेनाशी झाली, वास मात्र परत आला. दुसरे डॉक्टर म्हणाले, "पोट साफ नसेल, पोटाच्या डॉक्टरांना दाखवा." तिथे घशातून दुर्बीण घातली. पोट निर्मळ निघाले, खिसाही.

तिसऱ्या डॉक्टर तरुण बाई. त्यांनी फोनवरच बजावले होते, येण्याआधी कांदा-लसूण, बडीशेप, तंबाखू काही नको. आधी गोळ्यांची चौकशी केली. मग मला श्वास सोडायला सांगून चक्क वास घेतला! प्लास्टिकच्या चमच्याने जिभेच्या अगदी मागचा पिवळट थर खरवडला, थोडे थांबून हुंगला आणि चमचा माझ्याच नाकाशी धरला. नात खरे बोलली होती. दाढांच्या फटीतून दोरा फिरवला, त्यालाही तोच वास.

त्यांनी सांगितले ते असे: दहातल्या आठ-नऊ जणांच्या वासाचे मूळ तोंडातच असते. जिभेच्या मागे आणि सुजलेल्या हिरड्यांच्या खाचांत हवेवाचून जगणारे जंतू अन्नातली, लाळेतली प्रथिने कुजवतात आणि गंधकाचे वायू सोडतात. त्यातलाच एक सडक्या अंड्याच्या वासाचा. अन्ननलिका एरवी मिटलेली असते, म्हणून पोटातला वास वर येणे क्वचितच. माझ्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध होते, त्याने तोंड कोरडे पडायचे. गोळी मनाने बंद करू नका म्हणून त्यांनी माझ्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. दोन बैठकांत हिरड्यांच्या आतून सफाई केली. जीभ मी रोज घासायचो, पण पुढची पुढची. उमासा येईल म्हणून मागे हात जात नसे.

मला राग आहे तो एवढाच, की आधीच्या दोघांपैकी एकानेही वास घेतला नाही. हे सारे दंतवैद्यकाच्या पुस्तकांत आहे, बाईंनी काही नवा शोध लावला नव्हता. पेशंट खाली मान घालून सांगतो, डॉक्टरही अवघडतात आणि चिठ्ठी लिहून मोकळे होतात. काहींच्या तोंडाला तर वास नसतोच, नुसता मनाचा समज असतो. त्यांनाही गुळण्याच लिहून द्यायच्या का? हुंगल्याशिवाय हा फरक कळणार कसा?

जिल्ह्यात गावोगाव दंत शिबिरे भरतात. त्या टेबलावर प्लास्टिकच्या चमच्यांचे एक पाकीट ठेवावे, आणि गुळण्यांच्या चिठ्ठीवर किती दिवस तेही लिहावे, एवढी विनंती आपल्या वृत्तपत्रातून पोहोचवावी.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक, सातारा