रूममेटला सांगितलंस का?

चि. राजस यास,
अनेक आशीर्वाद.

"मान परत सुरू झालीय," असं फोनवर सहज म्हणालास आणि लगेच मेसच्या भाजीवर घसरलास. मीही मग भाजीवरच बोलले. रात्री काही डोळा लागेना, म्हणून हे पत्र. त्या विषयावर एकच वाक्य लिहायचं ठरवलंय: रूममेटला सांगितलंस का?

झालं. बेसनाचे लाडू विनूकाकाबरोबर पाठवतेय, रविवारी येईल तो. मनी तुझ्याच पलंगावर झोपते, उठवलं की फिस्कारते.

नवीन जागा, जागरणं, सबमिशन, म्हणजे टुरेटच्या टिक्स, त्या आपोआप होणाऱ्या हालचाली, वाढणारच. चढतात तशा उतरतात, हे तूच मला शिकवलंस. पण तासभर मान आवळून बसत असशील तर ते नको रे. सीबीआयटी ही टिक्सवरची वर्तन-थेरपी, दाबून धरणं नव्हे, थेरपीच्या मॅडम किती वेळा सांगायच्या! मानेत ती शिरशिरी आली की हनुवटी किंचित खाली, स्नायू हलके ताणून नजर समोर; मिनिटभर, नाहीतर ओढ ओसरेपर्यंत. तू आरशासमोर हे करायचास तेव्हा आजी मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन दारात उभी. तुझी दृष्टही काढायची आणि पुढच्या सेशनची तारीखही तिलाच पाठ.

बाबांनी तो सीबीआयटीवरचा अमेरिकेतला २०१० चा अभ्यास अजून फाइलला लावून ठेवलाय. १२६ मुलं, दहा आठवड्यांत आठ सेशन्स, आणि त्यातल्या सीबीआयटी मिळालेल्या गटात निम्म्याहून थोड्या जास्त मुलांना चांगला फरक. 'सगळ्यांना नाही' हे त्यांनी समासात लाल पेनानं लिहिलंय, माझ्यासाठी. तुला फरक पडला. पडला म्हणजे गेलं असं नाही, तेही कळतं मला. गोळ्यांचं काय ते डॉक्टरांशी तूच बोल, आता अठराचा आहेस.

पण त्या मुलाला सांग. सांगलीचा ना तो? तू गप्प राहिलास तर तो मनानंच काहीतरी ठरवेल. नेटवर टुरेट शोधलं की शिव्या देणारी माणसंच आधी दिसतात. तसं फार थोड्यांना होतं, हेही सांग. आणि 'थांबव' म्हणू नकोस म्हणावं, त्यानं वाढतंच. बघ, लागले मी प्रवचनाला. राग मानू नकोस.

आठवीच्या गॅदरिंगला तू निवेदक होतास. माईक घेतलास आणि पहिलंच वाक्य, "माझी मान हलेल, तुम्ही कार्यक्रम बघा." सगळा हॉल हसला, मग टाळ्या. बाबा शेजारच्या अनोळखी बाईंना सांगत सुटले, "आमचाच हा, आमचाच." मी मात्र पूर्ण कार्यक्रमभर तुझी मानच बघत होते. तेव्हा तीनशे माणसांना सांगितलंस, आता एकाला जड जातंय का?

मॅडम ऑनलाइन दोन-तीन सेशन्स घेतील का, विचारू? नको, तूच विचार. मी फक्त नंबर काढून ठेवलाय. लावलेला नाही.

तुझी,
आई