खारकेचा जाब दुकानदाराला का?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात तिसऱ्या पानावर 'इतवारीत पाकिस्तानी खारीक?' अशी बातमी वाचली. सोबत एका उघड्या पोत्याचा फोटो आहे. मथळ्यात प्रश्नचिन्ह आहे, पण गिऱ्हाईक प्रश्नचिन्ह वाचत नाही, पोतं बघतं. बातमीत ना कोण्या व्यापाऱ्याचं म्हणणं, ना कस्टमच्या अधिकाऱ्याचं. 'सूत्रांनी सांगितले' एवढ्या आधारावर आपण अख्ख्या किराणा बाजारावर संशय घेतलात. मी नागपूरच्या महाल भागात वडिलांच्या वेळेपासूनचं किराणा दुकान चालवतो, माल मस्कासाथ आणि इतवारीच्या ठोक बाजारांतून उचलतो. म्हणून हे पत्र.

सरकारच्या बंदीबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगतो. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला जे झालं त्यानंतर पंजाबातली अटारीची सीमाचौकी बंद झाली, २ मे रोजी पाकिस्तानच्या मालाची आयात, थेट असो की दुसऱ्या देशामार्फत, पूर्ण थांबवली गेली आणि ३ मे रोजी तिकडच्या झेंड्याच्या जहाजांना आपली बंदरं बंद झाली. आपल्या जहाजांनीही तिकडच्या बंदरात जायचं नाही असं ठरलं. टपाल आणि पार्सलही थांबलं. हे सगळं मला मान्य आहे. चार पैसे कमी मिळाले तरी चालतील, त्या देशाचा माल माझ्या दुकानात नको, ही माझी भूमिका तेव्हाही होती आणि आजही आहे.

पण काल सकाळी काय झालं ते ऐका. दुकान उघडून अगरबत्ती लावत नाही तोच चार-पाच पोट्टे मोबाईल समोर धरून आले. "भाऊ, पेपरात आलं ते हेच का? कायले ठेवता असा माल?" एकानं काळ्या खारकेच्या पोत्याचं तोंड ओढून उलटं केलं, त्यावरची पट्टी नखानं खरडली. पट्टीवर 'प्रॉडक्ट ऑफ यूएई' असं स्वच्छ छापलेलं होतं. ते वाचूनही दुसरा म्हणाला, "हे तं छापूनच देते ना." वादावादी नको म्हणून मी इतवारीच्या ठोक व्यापाऱ्याचं बिल काढून दाखवलं, जीएसटीसकट. बिलाकडे कोणी पाहिलं नाही, व्हिडिओ मात्र पूर्ण काढला.

त्याच वेळी आमच्याच गल्लीतल्या एक काकू सुनेच्या बाळंतपणासाठी डिंकाच्या लाडवाचं सामान घेत होत्या. डिंक, खोबरं, गोडंबी तोलून झालं होतं, खारीक तराजूत होती. त्यांनी ती हातानं परत पोत्यात लोटली आणि म्हणाल्या, "राहू द्या भाऊ, बाकीचं द्या." माझ्या आईकडून सामान नेलेल्या बाई आहेत त्या. त्यांच्या त्या एका वाक्यानं मला जे लागलं ते पोट्ट्यांच्या आरडाओरड्यानं लागलं नाही.

आता त्या पोट्ट्याचं म्हणणं खोटं होतं का? नाही, आणि हीच तर माझी मूळ तक्रार आहे. २०२५ च्या जूनमध्ये महसूल गुप्तचर संचालनालयानं, म्हणजे डीआरआयनं, 'ऑपरेशन डीप मॅनिफेस्ट' नावाच्या कारवाईत ३९ कंटेनर पकडले. १,११५ टन माल, किंमत सुमारे ९ कोटी. त्यात खारीक होती, कागदोपत्री यूएईची. प्रत्यक्षात ती कराचीहून दुबईला गेली, तिथे कंटेनर बदलले, जहाज बदललं आणि मग ती आपल्याकडे आली. पुढे मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरात आणखी २८ कंटेनर सापडले, त्यातही खारीक निघाली. म्हणजे पट्टी खोटी असू शकते हे सरकारला ठाऊक आहे, डीआरआयला ठाऊक आहे, आपल्यालाही ठाऊक आहे. फक्त ती खोटी आहे की खरी हे ओळखायचं काम महालातल्या दुकानदारानं करावं अशी अपेक्षा आहे.

ते कसं करायचं, हे आपल्या वार्ताहरानं मला येऊन सांगावं. खारीक म्हणजे पिकायच्या आधीचा, पिवळा खजूर उकळून उन्हात वाळवलेला. सिंधमध्ये खैरपूरकडे तो असाच होतो, ओमानमध्येही असाच होतो आणि ओमानची खारीक आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या येते. दोन्ही हातात घेतल्या तर सुरकुती तीच, बी तीच, चवही जवळपास तीच. पन्नास वर्षं गल्ल्यावर बसलेला माणूससुद्धा नुसतं बघून देश सांगू शकत नाही. देश कळतो तो कागदावरून, आणि ते कागद, बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टममध्ये भरलेला कागद), सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कोणत्या देशाचा याचा दाखला), जहाज कुठून कुठे गेलं याची नोंद, हे सगळं आयातदाराकडे आणि कस्टमकडे असतं. न्हावाशेवाहून माल वाशीला, वाशीहून दलालामार्फत इतवारीला, तिथून माझ्याकडे. माझ्यापर्यंत येतं ते एका पानाचं बिल, 'खारीक काळी, इतके पोते' एवढंच लिहिलेलं.

आणि मूळ देश ओळखता येत नाही असंही नाही. अटारी बंद झाल्यावर अफगाणिस्तानचा सुकामेवा पलीकडे अडकला होता. मे महिन्याच्या मध्यात सरकारनं खास परवानगी देऊन अफगाण मालाचे १६० ट्रक अलीकडे येऊ दिले. माल पाकिस्तानातून आला, पण पाकिस्तानचा नव्हता, हे तिथे तपासलं गेलं, मान्य केलं गेलं. अंजीर आणि जर्दाळूच्या बाबतीत सीमेवर जे जमलं ते खारकेच्या बाबतीत बंदरावर जमलं पाहिजे. ज्या आयातदारांचे कंटेनर पकडले त्यांच्याकडून आधी सुटलेला माल कोणत्या शहरात, कोणत्या ठोक व्यापाऱ्याकडे गेला, ती यादी सरकारनं जाहीर करावी. माझ्याकडचं पोतं त्या यादीत निघालं तर मी ते स्वतः नेऊन जमा करीन, एक रुपया भरपाई मागणार नाही. पण यादी नाही, तपासणीची काही सोय नाही, आणि संशय मात्र गल्लोगल्ली वाटून मोकळे झाले, हे चालणार नाही.

२०१९ साली पुलवामानंतर पाकिस्तानी मालावर २०० टक्के सीमाशुल्क लागलं तेव्हाही आम्हीच गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली. खारकेचा भाव दुपटीच्या वर गेला, आणि साठेबाजी करतात म्हणून बोट आमच्याकडे. सैंधव मिठाचंही तेच. उपासाचं मीठ महाग का, हे मी एकेका गिऱ्हाइकाला समजावून सांगायचो. तेव्हा निदान कोणी देशद्रोही म्हटलं नव्हतं.

आपल्याकडून माझी एकच अपेक्षा आहे. बातमी छापण्याआधी एक फोन इतवारीत करा, एक फोन कस्टमला करा. फोटो ज्या दुकानाचा आहे त्या दुकानदाराची काय अवस्था झाली असेल, याची चौकशी करा. तो माझ्या ओळखीचा नाही, पण ते पोतं कोण्या दुकानातलं आहे हे इतवारीतल्या प्रत्येकाला कळलं आहे.

सीमेचाच विषय निघाला म्हणून आणखी एक लिहितो. आपल्या संत्र्याचं परदेशातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. त्यांनी दरवर्षी शुल्क वाढवत २०२३ मध्ये ते किलोमागे ८८ टका (त्यांचं चलन) इतकं नेलं. बंगालमधली पेट्रापोलची सीमाचौकी ओलांडून जाणारे ट्रक कमी झाले, इकडे बागेत भाव पडले, काटोल-नरखेडचे शेतकरी माझ्या दुकानात उधारी वाढवत गेले. एका पोत्याला आपण तिसऱ्या पानावर फोटोसकट जागा दिलीत. मृग बहाराचा माल काढणीला आला की वरुड-मोर्शीला वार्ताहर पाठवा, बागायतदाराच्या हातात किलोमागे काय उरतं ते विचारा आणि तेही असंच फोटोसकट छापा.

आपला,
एक किराणा दुकानदार
महाल, नागपूर