'नुसती पडून असते' म्हणणाऱ्या सासूचं पत्र

संपादक साहेब,
नमस्कार.

३० मेला जागतिक एमएस दिवस असतो, एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि पाठीच्या कण्यातल्या नसांचा आजार, त्या सुमाराला पेपरात कोपऱ्यात कधीतरी छोटी बातमी दिसते आणि फोटो ठरलेला, व्हीलचेअरचा. आमच्या घरात एमएस आहे पण व्हीलचेअर नाही. सून २९ वर्षांची, स्कूटी चालवते, हसते बोलते. मागच्या वर्षी एका डोळ्याला धुरकट दिसायला लागलं म्हणून दाखवलं, मग एमआरआय, मग पाठीतलं पाणी काढलं आणि मल्टिपल स्क्लेरोसिस निघालं. डोळा दोनेक महिन्यात बराच सुधारला. मला वाटलं, सुटलो बाई.

पण मग ती दुपारी आडवी व्हायला लागली. सकाळी दोन तास लॅपटॉपवर काम केलं, चार भाकऱ्या थापल्या की चेहरा उतरलेला, शब्द आठवायचा नाही, "आई मी जरा पडते". मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, घर सांभाळलं, दोन बाळंतपणं केली, त्यामुळे जे सासवा म्हणतात ते मी पण म्हटलं. तोंडावर नाही, बहिणीला फोनवर. सुनेने ऐकलं असणार, घर काय फार मोठं नाही आमचं. शेजारणी बी ट्वेल्व्ह तपासा, बदाम भिजवून द्या सांगत होत्या, ते पण करून झालं.

शेवटी मुलगा चिडला आणि मला डॉक्टरांकडे सोबत घेऊन गेला. त्यांनी सांगितलं की एमएसमध्ये चारातल्या तिघांना तरी हा थकवा असतो, आणि पुष्कळांना अगदी सुरुवातीपासून, बाकी काही दिसत नसताना. आपलीच रोगप्रतिकारशक्ती मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या नसांवरचं मायलिनचं आवरण कुरतडते, म्हणजे वायरवरचं कव्हर गेल्यासारखं. निरोप पोचतो पण हळू, आणि तो पोचवायला मेंदूला आजूबाजूचे भाग पण कामाला लावावे लागतात. साधी बोटं हलवायची तरी आपल्यापेक्षा मेंदूचा जास्त भाग जागा होतो, आणि हे एमएसचा पहिला झटका नुकता येऊन गेलेल्यांमध्ये पण फंक्शनल एमआरआयवर दिसलंय.

मुलाने नंतर मला अजून वाचून दाखवलं. २००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एमएसवाल्या आणि निरोगी माणसांना स्कॅनरमध्ये झोपवून आकडे-चिन्हं जुळवायचं तेच तेच काम पुन्हा पुन्हा दिलं. उत्तरं दोघांची जवळपास तेवढीच बरोबर आली, एमएसवाल्यांना वेळ थोडा जास्त लागला. पण निरोगी माणसांचा मेंदू सवय झाली तसा निवांत होत गेला आणि एमएसवाल्यांच्या मेंदूची धावपळ उलट वाढत गेली. हे ऐकून मी गप्पच बसले. आम्ही सोलापूरकर, नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, त्यामुळे मला ते माझ्या पद्धतीने लगेच कळलं. पाइप गळका असला तरी टाकी शेजाऱ्याएवढीच भरते, फक्त मोटर दुप्पट वेळ चालते आणि तापते. मी आपली टाकी बघून म्हणत होते, भरलीय की, मग रडायला काय झालं.

तापण्यावरून आठवलं. मायलिन गेलेल्या नसेतून अंग जरासं गरम झालं तरी निरोप अजून अडखळतो. उथॉफ नावाच्या जर्मन डोळ्याच्या डॉक्टरांनी १८९० मध्येच लिहून ठेवलंय की अशा पेशंटना व्यायामानंतर थोडा वेळ कमी दिसायचं. आणि आमचा इथला एप्रिल-मे म्हणजे बेचाळीस त्रेचाळीस! तिला मी भर दुपारी गच्चीवर पापड घालायला पाठवलं होतं. आता कूलर आधी तिच्या खोलीत लागतो.

गोळी का देत नाहीत हे मीच डॉक्टरांना विचारलं. तर म्हणे थकव्यासाठी वापरतात ती तीन औषधं १४१ पेशंटवर तपासली, २०२१ ला निकाल आला, खोट्या गोळीपेक्षा एकही सरस ठरलं नाही. हलका व्यायाम, कामं वाटून करणं, मध्ये विश्रांती, याचाच काय तो उपयोग. म्हणजे औषध निम्मं आमच्याच हातात, घरच्यांच्या आणि ऑफिसवाल्यांच्या. तिच्या ऑफिसात दुपारी अर्धा तास मागितला तर "पण तुम्ही तर फिट दिसता" म्हणाले. नाव लिहीत नाही, मी तरी कुठे वेगळी होते.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएस आहे, पण या आजारात डॉक्टर वापरतात ती ईडीएसएस नावाची शून्य ते दहाची पट्टी चारच्या पुढे बहुतेक किती मीटर चालता यावरच जाते. पाचशे मीटर चालून दाखवलं आणि नंतर दिवसभर उठताच आलं नाही तर ते कुठे मोजायचं?

तर आरोग्य पुरवणीत जागा झाली तर यावेळी व्हीलचेअर बाजूला ठेवून या थकव्यावर कुणा न्यूरॉलॉजिस्टकडून मराठीत लिहून घ्या, म्हणजे मी ते कात्रण बहिणीला पाठवीन, तिला अजून पटलेलं नाही. सून उठायच्या आत हे पत्र टाकून येते, तिने बघितलं तर म्हणेल आई कशाला उगाच.

आपली एक वाचक,
सोलापूर