प्रोजेक्टरचा उजेड आपोआप उतरण्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: सदोष प्रोजेक्टर बदलून मिळणे अथवा पैसे परत मिळणेबाबत.

महोदय,

राजारामपुरी, कोल्हापूर येथे माझा फोटो स्टुडिओ असून मागे डार्करूम आहे. एन्लार्जरच्या (निगेटिव्ह मोठी करून कागदावर उतरवणाऱ्या यंत्राच्या) बल्बच्या जागी बसवण्यासाठी मी आपला डीएलपी प्रोजेक्टर घेतला. घेण्याआधी विक्री प्रतिनिधीला एवढंच विचारलं होतं, की उजेड एकसारखा राहील ना? ‘मेनूत ऑटो डिमिंग, म्हणजे उजेड आपोआप कमी होणं, बंद करा, झालं,’ असं उत्तर मिळालं. माहितीपुस्तिकेतही तेच छापलंय.

प्रत्यक्षात ते बंद राहत नाही. यंत्र पुन्हा चालू केलं की आपोआप ‘ऑन’!

मल्टिग्रेड फोटो कागदावर उजेडाच्या रंगानुसार काळ्या-पांढऱ्यातला फरक, म्हणजे कॉन्ट्रास्ट, बदलतो: हिरव्या उजेडाने प्रिंट मऊ येते, निळ्याने कॉन्ट्रास्ट चढतो. फिल्टर बदलत बसण्याऐवजी लॅपटॉपवर रंग बदलायचा आणि दोन्हींचे सेकंद वेगळे मोजायचे, इतका साधा हिशेब. पण निळा पडदा जरा वेळ स्थिर राहिला, की तुमच्या यंत्राला वाटतं कोणी बघतच नाही, आणि कागदावर उजेड पडत असतानाच दिवा मंदावतो. खासबाग मैदानातल्या कुस्तीची वडिलांनी काढलेली निगेटिव्ह आहे. तिच्या प्रिंटमध्ये पैलवानाचे काळेभोर केस राखाडी आले, अंगावरची माती कुठली आणि कातडी कुठली तेही कळेना. हा कागद स्वस्त मिळत नाही, महोदय.

लॅपटॉपवरून पूर्ण काळं चित्र दाखवलं तरी भिंगातून थोडा उजेड झिरपतोच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. बहुतेक प्रोजेक्टरचं ते असतं. मी भिंगापुढे पुठ्ठा धरतो.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, ‘हा सिनेमा बघायचा प्रोजेक्टर, तुमचा वापरच चुकीचा.’ वॉरंटी कार्डावर असं कुठे लिहिलंय ते दाखवा म्हटलं, तर फोन ठेवला. बरं, डार्करूमचं सोडा. साध्या भिंतीवर प्रोजेक्टरचा निळा उजेड टाकून लाइट मीटर धरला, तरी काटा खाली येताना दिसतो. त्याचा व्हिडिओ, बिल आणि पुस्तिकेतल्या त्या पानाचा फोटो सोबत जोडला आहे.

पंधरा दिवसांत दोष नसलेलं यंत्र द्यावं किंवा पूर्ण रक्कम परत करावी. दुरुस्तीसाठी यंत्र पुन्हा त्याच सेंटरला पाठवणार नाही. मुदतीत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

आपला,
(सही)