शहाऐंशी पेशींचा मेंदू

फोंडा, गोवा

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझ्या आधारपेशीच्या अभ्यासाबद्दल बोलताना म्हणालीस, "बाबा, एका किड्याच्या एका पेशीवर कोण एवढं डोकं लावतं?" तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहितोय.

पशुवैद्य म्हणून डुकरांची आतडी मी पुष्कळ तपासली. काटेरी डोक्याचा कृमी आत असला की आतडं कापायच्या आधीच बाहेरून गाठ हाताला लागते. आत सोंडेचे आकडे भिंतीत रुतलेले असतात. जोर लावून ओढलास तर कृमी तुटतो, पण सुटत नाही. त्याला तोंड नाही, आतडं नाही, डोळे नाहीत. अन्न कातडीतूनच शोषतो. इतकं सगळं टाकून दिलेल्या या जीवानं सोंडेच्या टोकाशी आणि मानेच्या दोन्ही बाजूंना ज्ञानेंद्रियं मात्र राखली, आणि त्यांच्या जोडीला तू अभ्यासतेस ती आधारपेशी. मला याचं फार नवल वाटतं.

डुकरातल्या या कृमीचा अख्खा मेंदू 86 पेशींचा. उंदरातल्या मोनिलिफॉर्मिस या अशाच काटेरी डोक्याच्या कृमीचा 88 पेशींचा. जिथे सगळा हिशेबच एवढ्यात आटोपतो, तिथे एक पेशी किरकोळ कशी? शिवाय पेशींची संख्या जातीगणिक जवळपास ठरलेली असल्यामुळे तीच पेशी प्रत्येक नमुन्यात शोधता येते. ती कुठे बसते, केंद्रकं किती, तिचे फाटे कुठवर जातात, हे जाती शेजारी ठेवून पाहता येतं. असं मोठ्या प्राण्यांत कुठे जमतं?

पण एक सांगतो. डुकरातला आणि उंदरातला, दोन्ही कृमी एकाच वर्गातले, दोघेही जमिनीवरच्या यजमानांत वाढणारे. एवढ्यांवरच थांबलीस तर तुलना सख्ख्या भावंडांची होईल. माशातली एखादी जात घे. तिथले वर्ग वेगळे आहेत आणि काही जातींत टोकाचं इंद्रिय सापडतच नाही. मग आधारपेशीचं काय होतं, हा खरा प्रश्न. आणि "नाही" असं लिहिण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली पातळ छेदांची पूर्ण मालिका पाहा, मधला एकही सोडू नकोस.

सोंड बाहेर यायला नमुना थंड पाण्यात ठेवतात, ते आकड्यांसाठी ठीक. पेशींसाठीचा नमुना मात्र वेगळा काढ, पाण्यात फुगू देऊ नकोस, आणि कातडीला बारीक टोच मार, नाहीतर पेशी टिकवणारं रसायन आतपर्यंत पोचत नाही.

मासा कुठला घेतेस ते कळव. पणजीच्या मार्केटात सकाळी लवकर जायचं असेल तर मी येतो बरोबर.

तुझा,
बाबा