चहा आत घालायचा असतो, हे तुम्हीच ओळखलंत

प्रिय आंटी,

सप्रेम नमस्कार.

मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो, म्हणून हे पत्र नातीकडून वाचून घ्या. मी ते सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते चार माणसांना कळायलाच हवं.

आई जूनमध्ये न्हाणीघरात घसरली, खुब्याचं ऑपरेशन झालं. पुढे बेळगावचा तो न थांबणारा पाऊस आणि अंथरूण. तिचं जेवणावरचं मनच उडालं. भात चिवडायची आणि ताट बाजूला सारायची. एका संध्याकाळी एकदम म्हणाली, "मडमच्या घरचा चहाचा पाव मिळंल काय गं कुठं?" लग्नाआधी ती कॅम्पातल्या एका बंगल्यात भांडी घासायला जायची. तिथली म्हातारी मडम रविवारी तिच्या हातावर एक काप ठेवायची, वर लोणी लावून. काळपट, ओलसर, बेदाण्यांनी गच्च भरलेला. साठ वर्षांत आईनं त्याचं नाव काढलं नव्हतं. आता काढलं, तर ते मी कसं टाळू?

मी विचारत सुटले. शहरातल्या एका बेकिंग क्लासला दीड हजार रुपये भरले. तिथं लोण्याचा पिवळा केक शिकवला. मी म्हटलं, आईचा पाव काळा होता, आणि त्याला चहाचा वास यायचा. त्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "टी केक म्हणजे चहाबरोबर खायचा केक. आधी घरी ओव्हन आणि वजनकाटा घ्या, मग शिकायला या." पंधरा बायका बसल्या होत्या, कुणी मान वर केली नाही. पैसे गेले त्याचं काही नाही. पण शिकवायला बसलेल्या माणसानं समोरच्याचं निदान ऐकून तरी घ्यावं. घरी येऊन तोच केक कढईत केला, तो मधोमध बसला. आईनं एक घास घेतला आणि "चांगला झालाय" म्हणाली. पुन्हा मागितला मात्र नाही. ते "चांगला झालाय" मला अजून टोचतं.

मग ती कॅम्पातली बेकरी. काउंटरवर मी चौथ्यांदा तेच समजावत होते आणि पोरगा पुन्हा पुन्हा तोच पिवळा केक पुढं सरकवत होता. तुम्ही मागं ओली छत्री धरून उभ्या होत्या. म्हणालात, "बाय, तुला आत चहा घातलेला पाहिजे न्हय?" आंटी, मला तिथंच रडू आलं. दीड महिन्यात माझं बोलणं समजलेलं पहिलं माणूस तुम्ही.

तुमचे वडील मेसमध्ये खानसामा होते, त्यांची वही तुम्ही कपाटातून काढलीत. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये अशा पावाला ‘बारा ब्रिथ’ म्हणतात, त्यांच्या भाषेत बारा म्हणजे पाव आणि ब्रिथ म्हणजे ठिपक्यांचा, हेही तुम्हीच सांगितलंत. आईला ते नाव फार आवडलं. कडक कोऱ्या चहात बेदाणे रात्रभर भिजले की टम्म फुगतात आणि तोच ओलावा पावात उतरतो, म्हणून लोणी-तेलाचा थेंबसुद्धा लागत नाही. इतकी साधी गोष्ट! त्या क्लासात हे कुणाच्या गावीही नव्हतं.

पण मला लिहायचंय ते त्या ग्लासाबद्दल.

वहीत सगळं औंसात होतं. माझ्याकडे काटा नाही, हे सांगताना माझा आवाज खाली गेला. तुम्ही एवढंच विचारलंत, "घरात चहा कशात पिता?" दुसऱ्या दिवशी मी आमचा काचेचा ग्लास घेऊन आले. तुम्ही तुमच्या काट्यावर एकेक जिन्नस तोलून माझ्या ग्लासात ओतून पाहिलात. मग खूण करायला काही सापडेना. तुम्ही नेलपॉलिश लावत नाही. भर पावसात, गुडघा दुखत असताना, शेजारच्या घरी जाऊन लाल बाटली मागून आणलीत आणि ग्लासाला बाहेरून दोन रेघा ओढल्यात. वरच्या रेघेपर्यंत चहा. त्याच रेघेनं दोनदा मैदा, दोनदा सुकी फळं. खालच्या रेघेपर्यंत चिरलेला गूळ. "अंडं एक, बेकिंग पावडर तीन छोटे चमचे, ते तर तू मोजशीलच," म्हणालात. आणि रेघा सुकेपर्यंत फुंकर घालत बसलात.

माझ्या घरात जे नव्हतं ते तुम्ही मला विकत घ्यायला लावलं नाहीत. जे होतं त्यावरच खूण करून दिलीत. त्या दोन रेघा मी किती वेळा बोटानं चाचपल्या असतील.

चांगुलपणा पसरतो की काय कोण जाणे. बेदाणे आणायला रविवार पेठेत गेले. दुकानदार कन्नड बोलणारे, माझं कन्नड मोडकंतोडकं. आजारी आईसाठी हवेत एवढं त्यांना कळलं आणि अथणीकडच्या बेदाण्यांची एक मूठ त्यांनी न तोलताच पिशवीत टाकली. आपल्या या भागात भाषेवरून काय काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण आईच्या त्या पावात तुमची कोकणी, त्यांचं कन्नड आणि आमची मराठी एकत्रच भिजली.

पाव मी कढईत मीठ पसरून, वर जड झाकण ठेवून, मंद आचेवर केला. सव्वा तास लागला. तुम्ही बजावलं होतं म्हणून त्या दिवशी कापला नाही, गुंडाळून ठेवला. सकाळी पातळ काप केला, वर घरचं लोणी लावलं. आईनं आधी वास घेतला. मग खाल्ला, सावकाश, डोळे मिटून. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्योच." आणि रिकामी बशी पुढं केली.

त्यानंतर ती भिंत धरून स्वयंपाकघरापर्यंत येते, डबा कुठं ठेवलाय ते बघायला.

आंटी, एकच काम आहे. घासून घासून ग्लासाची खालची रेघ पुसट झालीय. घरात मुलीचं नेलपॉलिश आहे, पण मी हात लावला नाही. शनिवारी ग्लास घेऊन येते, पावाचा अर्धा भागही आणते. ती रेघ तुम्हीच ओढून द्या.

तुमची,
शहापूरची बाय